युद्धात आईवडील गेलेल्या मुलांसाठी घर बांधताय? आधी रात्री तीन वाजताचा प्लॅन काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे, की युद्धात आईवडील गमावलेल्या साधारण 40 मुलांसाठी एक संस्था घर बांधतेय, जागा मिळालीय, पैसे बऱ्यापैकी आहेत, आणि मुलांना सुरक्षित वाटेल, मनाने सावरता येईल असं डिझाइन म्हणजे नेमकं काय करायचं, खोल्या कशा, रंग कुठले, बाग किती, सेफ्टीचं काय, हे त्यांना हवंय. मी आर्किटेक्ट आहे, गेली वीसेक वर्षं मुलांच्या निवासी जागांचंच काम जास्त केलंय, त्यातली बरीच मुलं लढाईच्या भागातून आलेली होती. उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

सुरुवातीलाच एक नावडतं सांगतो. ही बिल्डिंग लागणार आहे का, हे आधी बघा. अनाथ म्हणून नोंद झालेल्या कितीतरी मुलांची आजी, मामा, मोठी बहीण कुठेतरी जिवंत असते, फक्त पत्ता लागलेला नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 2009 मध्ये पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली त्यातही क्रम हाच आहे, आधी नातेवाईक, मग दुसरं कुटुंब, आणि संस्था खरंच गरज असेल तरच, त्यातून तीन वर्षांखालच्या लेकरांना कुटुंबातच ठेवायचं आणि भावंडं तोडायची नाहीत. रुमानियात बुखारेस्टला 2000 पासून 136 लहान मुलांवर जो अभ्यास झाला तो युद्धाचा नव्हता पण आपल्या कामाचा आहे, संस्थेतून पालक-कुटुंबात (म्हणजे मूल सांभाळायला घेणाऱ्या दुसऱ्या घरात) गेलेली मुलं संस्थेत राहिलेल्यांपेक्षा बऱ्याच बाबतीत चांगली सावरली, आणि दोन वर्षांची व्हायच्या आत गेलेली सगळ्यात चांगली. म्हणून मी क्लायंटला पहिली खोली सांगतो ती नातेवाईक शोधणाऱ्या माणसाची, आणि तिला लागूनच एक पाहुण्यांची खोली, संडास-बाथरूमसकट, म्हणजे एखादा काका दोन दिवसांचा प्रवास करून आला तर त्याला मुलाजवळ रात्री राहता येईल. ही खोली कुणाच्याच यादीत नसते. अर्ध्या तासाच्या भेटीला ऑफिसातल्या दोन खुर्च्या देतात आणि मग म्हणतात नातेवाईक परत फिरकलेच नाहीत.

आता समजा नातेवाईक खरंच नाहीत, किंवा सापडेपर्यंत दोनतीन वर्षं जाणार आहेत, आणि बांधायचंच आहे. तर 40 मुलांचं एक घर बांधू नका. 40 मुलांचं घर नसतंच, ते होस्टेल असतं. सहासात मुलांची सहा घरं बांधा, प्रत्येकाला स्वतःचा दरवाजा, स्वतःचं स्वयंपाकघर. नवीन काही सांगत नाहीये मी, दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेडच्या नर्सरी चालवल्या तेव्हा त्यांनीही आधी मुलं एकत्रच ठेवली होती, मग लक्षात आलं की मूल कुणा एकाचं होऊन राहायला बघतंय, म्हणून प्रत्येक बाईकडे चारपाच मुलं अशी लहान ‘कुटुंबं’ केली. त्यानंतर मुलं रडायला लागली, भांडायला लागली, हेवा करायला लागली, आणि बोलायला, शिकायलाही लागली. पुढे 1946 मध्ये स्वित्झर्लंडमधे ट्रोगेनला युद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी जे पेस्टालोझी गाव उभं राहिलं (कल्पना वॉल्टर रॉबर्ट कॉर्टींची, आर्किटेक्ट हान्स फिशली) ते वेगवेगळ्या घरांचंच होतं, एकेका देशातली मुलं एकेका घरात, आपल्या भाषेत बोलणाऱ्या माणसांबरोबर. आणि 1949 मध्ये ऑस्ट्रियात इम्स्टला हर्मन ग्माइनर यांनी एसओएस बालग्राम काढलं तेही एका घरात एक आई या हिशेबानेच. भाषेचा मुद्दा विसरू नका हं, स्वप्नात ओरडताना मूल आईच्याच भाषेत ओरडतं आणि त्या वेळी ती समजणारं कुणीतरी दहा पावलांवर हवं.

हे झालं किती आणि कुठे. आता ‘हीलिंग’. मला विचाराल तर हा शब्द ब्रोशरमधे फार गुळगुळीत झालाय, हिरवळ, मोठ्या काचा, पेस्टल रंग, झालं हीलिंग. मी त्याचं भाषांतर असं करतो, की घरातून ‘अचानक’ काढून टाकायचं. या मुलांच्या आयुष्यात जे वाईट झालं ते सगळं अचानक झालंय. आवाज अचानक, अंधार अचानक, दार उघडून माणसं अचानक, आणि काल होती ती आई आज नाही. त्यामुळे त्यांचं शरीर चोवीस तास पुढच्या अचानकची वाट बघत असतं. घराला एवढं एकच काम जमतं, दाराबाहेर कोण आलंय, हा आवाज कसला, वळणापलीकडे काय आहे, जेवण कधी आहे, हे मुलाला आधी कळवायचं. आणि दुसरं, त्याच कामाचा दुसरा हात म्हणा, थोडं त्याच्या ताब्यात द्यायचं. दिवा, पडदा, कडी, कपाटाची किल्ली.

म्हणून माझ्याकडे कुणी प्लॅन घेऊन आलं की मी म्हणतो रात्री तीन वाजताचा प्लॅन दाखवा. दुपारी अकराचा सगळ्यांकडे असतो, थ्रीडीमध्ये ऊन पडलेलं असतं, मुलं पळत असतात. रात्री तीनला आठ वर्षांचं मूल दचकून जागं झालंय, गादी ओली आहे, खोलीत अजून एक जण झोपलाय, आता पुढे काय होतं ते बोट ठेवून सांगा. बेडवरून दार दिसतंय का? पाठीला भिंत आहे का? (बेड खोलीच्या मधोमध किंवा दाराकडे डोकं करून कधीच नको, आणि अगदी दारासमोरही नको, कोपऱ्यातून तिरकं दार दिसलं पाहिजे.) हाताला दिव्याचं बटण लागतं का? संडास किती पावलांवर? वाटेत अंधारं वळण आहे का? कोरडी चादर कुठे आहे, ती मोठ्यांना न उठवता घेता येते का, ओली कुठे टाकायची, आणि तिथून परत येताना तो कुणाच्या नजरेला पडतो का? अंथरूण ओलं होणं या मुलांमध्ये फार, बाराचौदा वर्षांच्या मुलांनाही होतं, आणि त्याची लाज एवढी असते की मुलं झोपायचीच टाळतात. दर दोन बेडरूममागे एक टॉयलेट आणि त्याच्या बाहेर चादरींचं उघडं कपाट आणि झाकणाची टोपली, एवढ्या तीन गोष्टींनी जे काम होतं ते मी मोठमोठ्या थेरपी रूममधून झालेलं बघितलं नाहीये. गादीला पुसता येणारं कव्हर घाला, पण चुरचुर आवाज करणारं प्लॅस्टिक नको, शेजारच्याला कळतं.

रात्रीचा दिवा पिवळसर, 2700 केल्विन किंवा त्याखालचा, फरशीजवळ लावलेला. कॉरिडॉरमध्ये मोशन सेन्सर लावायचा मोह होतो, वीज वाचते म्हणून. नका लावू. अंधारात पाऊल टाकल्यावर डोक्यावर एकदम लख्ख उजेड, हे आपल्याला सोयीचं वाटतं, त्याला सर्चलाइट वाटतो. मंद दिवा रात्रभर चालू ठेवा, बिल फार येत नाही.

आवाजाबद्दल मी थोडा जास्त लिहिणार आहे कारण इथे माझी स्वतःची चूक आहे. माझ्या सुरुवातीच्या एका कामात आम्ही दणकट म्हणून लोखंडी दारं लावली, आणि दुमजली उंचीचा एक हॉल केला, वरून उजेड, खूप फोटो निघाले त्याचे. राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात वाऱ्याने एक दार आपटलं आणि आवाज त्या उंच हॉलमध्ये असा घुमला की अकरा मुलं टेबलांखाली होती, एकाने तर धाकट्या बहिणीवर अंग टाकलेलं. हॉलच्या मधोमध कुणी कधी बसलंच नाही, सगळी भिंतीला टेकून. तेव्हापासून मी दारांच्या बाबतीत जरा वेडा आहे. दार लाकडी किंवा भरीव फ्लश, चौकटीला रबराची पट्टी, दार आपोआप लावणारा क्लोजर असा सेट केलेला की शेवटचा वीतभर दार हळू जातं, ड्रॉवर सॉफ्ट-क्लोज, खुर्च्यांच्या पायांना फेल्ट. शटर कुठेही नको, पत्र्याचं छप्पर असेल तर खाली इन्सुलेशन आणि जाड सीलिंग. घोळक्याने बसायच्या खोल्यांची उंची साधी ठेवा, छताला आवाज शोषणारे पॅनेल लावा, टाळी वाजवल्यावर आवाज अर्ध्या सेकंदाच्या आसपास विरला पाहिजे. जनरेटर घरापासून लांब, आणि तो सुरू व्हायच्या आधी दिवे बॅटरीवर चालू राहतील अशी सोय, नाहीतर अंधार मग धडधड असा क्रम होतो आणि तो क्रम मुलांच्या ओळखीचा असतो.

फायर अलार्म. कायद्याने लागतो आणि लागायलाच हवा, पण शिट्टीसारखा 3000 हर्ट्झचा कर्कश भोंगा मुलांना घाबरवतोही जास्त आणि झोपेतून उठवतोही कमी. 520 हर्ट्झच्या आसपासचा खर्जातला आवाज आणि त्यासोबत माणसाच्या आवाजातली सूचना यांनी लहान मुलं जास्त नीट उठतात, अशी सिस्टीम मिळते, तीच मागा. रेकॉर्डिंग मुलांच्या भाषेत, शक्यतो त्यांच्याच घरातल्या ताईच्या, म्हणजे त्यांना सांभाळणाऱ्या बाईच्या, आवाजात. स्फोटामुळे ज्यांची श्रवणशक्ती गेलीय त्यांच्या उशाखाली थरथरणारं पॅड, भिंतीवरच्या फ्लॅशवर भागवू नका. आणि ड्रिल घ्यायचं तर आधी सांगून, तारीख वेळ फळ्यावर लिहून, पहिल्या वेळी भोंगा न वाजवताच.

आता सेफ्टी म्हणजे बाहेरून कोण येईल एवढंच नाही. कटू आहे पण अशा जागांमध्ये मुलांना धोका बऱ्याचदा आतल्याच माणसाकडून असतो, मोठा मुलगा, स्टाफ, देणगीदार, कुणीही. त्याचा उपाय कॅमेरे आहे असं सगळ्यांना वाटतं. कॅमेरे गेटवर, आवारात ठीक, घरात मला नको वाटतात, बेडरूम-बाथरूमचा तर प्रश्नच नाही. मी प्लॅनमधून अशा जागाच काढून टाकतो जिथे कुणाच्या नजरेत न येता कुणाला कोंडता येईल. जिन्याखालची खोली, टोकाला बंद होणारा कॉरिडॉर, मागचं स्टोअर. मोठ्या माणसाने मुलाशी एकटं बोलायच्या खोलीच्या दाराला काच. स्टाफचं टॉयलेट वेगळं. ताईची खोली बेडरूमच्या तोंडाशी, म्हणजे रात्री कोण उठलं ते तिला कळतं, पण मुलांना तिच्या समोरून पास काढून जावं लागत नाही. बाथरूमला आतून कडी हवीच, बाहेरून नाण्याने उघडेल अशी. गेटवरच्या माणसाला युनिफॉर्म नको, साधे कपडे.

येणारं माणूस दिसलं पाहिजे हे तर पुन्हा अचानकच्याच खात्यात. स्वयंपाकघराची खिडकी गेटच्या वाटेवर ठेवा, वाट पंधरावीस पावलांची तरी असू दे, मुलं ओट्याजवळ उभी राहून बघतात कोण येतंय आणि ओळखीचं निघालं की पुन्हा कामाला लागतात, ते बघताना मला दरवेळी बरं वाटतं. स्वयंपाकघर उघडं आणि घराच्या मध्यावर, एक ओटा कमी उंचीचा, 60 सेंमीच्या आसपास. ऑगस्ट 1945 मध्ये छळछावण्यांतून वाचलेली साधारण 300 मुलं इंग्लंडमध्ये विंडरमिअरला आणली, विमान कारखान्याच्या कामगारांची वसाहत होती ती, तिथे पोटभर मिळत असूनही मुलं पाव उचलून गादीखाली लपवत होती. आजही तसंच असतं. म्हणून जेवणाच्या खोलीत एक टोपली ठेवा जी कधी रिकामी होत नाही, कुलूप नाही, विचारायचं नाही. पहिले काही आठवडे ती दिवसातून चार वेळा भरावी लागेल आणि अकाउंटंट कुरकुर करेल, करू दे. आणि मुलाच्या बेडशेजारच्या लॉकरला झाकणाचा डबा द्या, म्हणजे लपवलेलं खाणं गादीखाली न जाता डब्यात जाईल, मुंग्या होणार नाहीत आणि झडतीही घ्यावी लागणार नाही.

लॉकरची किल्ली मुलाकडे. दुसरी ताईकडे असते, पण उघडायचा तर मुलासमोरच. ज्याच्याकडे आपलं म्हणून फक्त एक चप्पल आणि कुणाचातरी स्वेटर आहे त्याला 40 बाय 40 सेंमीचं स्वतःच्या कुलुपाचं कपाट म्हणजे काय ते आपल्याला कळणार नाही.

भावंडं एकत्र हे मी वर म्हटलंच. अ‍ॅम्स्टरडॅमचं अल्डो व्हॅन आयिकचं 1960 चं अनाथालय आम्ही सगळे आर्किटेक्ट डोक्यावर घेतो, मीही घेतो, छोटे घुमट, बसायचे गोल कोनाडे, मुलांच्या उंचीचं सगळं, फार प्रेमाने केलेली बिल्डिंग आहे. पण तिथे विभाग वयाप्रमाणे होते, म्हणजे दहा वर्षांची बहीण एका भागात आणि चार वर्षांचा भाऊ दुसऱ्या. युद्धातून आलेल्या मुलांसाठी हे नाही चालणार. वयं मिसळा, दोन बेडरूमच्या मध्ये उघडबंद होणारं दार ठेवा म्हणजे भावाबहिणीला रात्री एकमेकांचा आवाज येतो आणि मोठी झाल्यावर दार लावता येतं. आणि भावंडं म्हणजे रक्ताचीच असं धरू नका. 1945 मध्ये तेरेझिनच्या नाझी छावणीतून आलेली तीनचार वर्षांची सहा मुलं ससेक्समधल्या बुलडॉग्ज बँक नावाच्या घरात ठेवली होती, त्यांना आईबाप आठवतच नव्हते, पण ती एकमेकांना सोडायला तयार नव्हती, कुणी थोडा वेळ दिसेनासं झालं तरी बाकीची विचारत राहायची. मोठ्यांना मारायची, खेळणी फोडायची, आणि खाताना मात्र आधी दुसऱ्याला मिळालं का बघायची. बसमधून एकत्र आलेली चार पोरं असतील तर यादी बघून त्यांना घरं वाटून देऊ नका.

लपायच्या जागा हव्यात. हे वर लिहिलेल्या नजरेच्या मुद्द्याच्या उलट वाटेल, पण दोन्ही जमतं. कोनाडा असा करायचा की मुलाच्या पाठीला आणि डोक्यावर आडोसा, समोर उघडं, मोठा माणूस आत मावणार नाही एवढाच, आणि ताईला पाय दिसतात. खिडकीतली बैठक, जिन्याच्या पहिल्या पायरीशेजारचा खड्डा, बागेत झुडपांची कमान. बागेत झोपाळे जरा जास्तच लावा, त्या एकाच लयीच्या झुलण्याने शरीर शांत होतं, मोठी मुलंही संध्याकाळी तासन् तास बसतात. वाळू, पाणी, माती. कोंबड्या किंवा ससे ठेवता आले तर उत्तम, फक्त ते मेले तर काय करायचं हे स्टाफला आधी ठरवून ठेवायला सांगा.

पाय गेलेली, हात गेलेली मुलं येणार हे गृहीत धरा, नंतर रॅम्प जोडू म्हणू नका. एकास बारा चढ, वळायला दीड मीटर, प्रत्येक घरात, एका ‘अपंगांच्या घरात’ नाही. बाथरूममध्ये बसून अंघोळ करायला पक्का कट्टा आणि कृत्रिम पाय काढून ठेवायला कोरडी फळी, ती नसते म्हणून मुलं ओल्या फरशीवर पाय ठेवतात आणि घसरतात. वरच्या खिडक्या 10 सेंमीवर अडतील, कठड्याच्या गजांतली फट त्याहून कमी, हे कुठल्याही आर्किटेक्टला माहीत असतं, पुढे जाऊ.

लढाई अजून चालू असेल तर तळघरातली निवाऱ्याची खोली लागेलच. तिला ‘शेल्टर’ असं नाव देऊन कुलूप घालू नका. फिनलंडमध्ये असे निवारे एरवी खेळायला, व्यायामाला वापरतात, युक्रेनमधल्या खारकिवमध्ये 2023 पासून मुलांचे वर्ग मेट्रो स्टेशनांत भरले. रोज संध्याकाळी जिथे गोष्ट ऐकायला जातो तीच खोली असली की सायरनच्या वेळी मूल ओळखीच्या जागी जातं, कोंदट अंधारात नाही.

ताईची खोली, मावशीची खोली. यावर पैसे वाचवतात सगळे. जी बाई सात मुलांची स्वप्नं रात्रभर ऐकते तिला खिडकी, स्वतःचं बाथरूम, आणि सुट्टीच्या दिवशी दार लावून झोपता येईल एवढी शांतता नसेल तर ती आठ महिन्यांत सोडून जाते, आणि मुलाच्या दृष्टीने अजून एक आई अचानक गेली. एवढं एक वाक्य मी ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये म्हटलं की सहसा ते दोन खोल्या वाढवून देतात.

आठवणींसाठी मोठं स्मारक, हॉलमध्ये फोटोंची भिंत वगैरे नको, मुलाला दरवेळी जेवायला जाताना त्यासमोरून जावं लागतं. बेडजवळ एक फळी, आणि घराबाहेर शांत कोपऱ्यात एखादं झाड, दगड, बाकडं, जायचं तेव्हा जाता येईल असं. आणि गेटवर ‘अनाथ’ हा शब्द असलेली पाटी नको, देणगीदारांच्या नावाच्या फरश्या मुलांच्या पलंगावर-कपाटांवर तर नकोच नको. मुलं बाहेरच्याच शाळेत जाऊ देत, आत शाळा काढू नका.

रंग विचारले होते. खरं सांगू, रंगाने फार फरक पडत नाही, भगभगीत लाल आणि भिंतभर कार्टून टाळा, उशामागची एक भिंत मुलाला निवडू द्या आणि त्याने काळा निवडला तरी द्या.

बजेटमधले दहा टक्के बाजूला ठेवा आणि सहा महिन्यांनी खर्च करा. एका घरात आम्ही मुलींना दोनदोनच्या छान खोल्या दिल्या होत्या, सकाळी बघावं तर सहाही गाद्या एकाच खोलीत जमिनीवर, स्टाफ रोज उचलून परत जागेवर ठेवायचा आणि रोज रात्री त्या पुन्हा ओढल्या जायच्या, फरशीवर ओरखडे पडले होते. मी गेलो तेव्हा मला ते ओरखडे तक्रार म्हणून दाखवले. आम्ही मधली भिंत काढली, दीड दिवसाचं काम होतं, आणि गाद्या ठेवायला एक लांब बुटका लाकडी चौथरा केला. वर्षभराने त्यातल्या दोघींनी मधे पडदा मागितला.